विहीणबाई, तुमचं नांदेड

विहीणबाई,

गेल्या आठवड्यात नांदेडला आले तेव्हा बसस्टँडवर तुम्ही नव्हता. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, सिडको मागं पडलं, पूल लागला आणि खिडकीतून गोदावरी दिसली. सवयीनं हात मोबाइलकडं गेला. पूल आला की तुम्हाला फोन करायचा, हे आपलं ठरलेलं. मी म्हणायची, "पुलावर हाय." तुम्ही म्हणायच्या, "पाणी बघितलं का? पोटभर बघून घ्या. लातुरात न्हाई मिळायचं." दर वेळी तेच. दर वेळी मी चिडायची, आणि दर वेळी खिडकीतून वाकून बघायची.

या वेळीही बघितलं. पाणी बरंच होतं. सांगायला कोणी नव्हतं.

असं रडवं लिहिलेलं तुम्हाला आवडलं नसतं. तुमच्या जाण्याविषयी मला लिहायचंही नाही. ते डॉक्टर सांगतील, नाहीतर तुमचे भाऊ सांगतील. मला लिहायचंय ते त्या दोन दिवसांविषयी, जेव्हा तुम्ही मला तुमचं गाव दाखवलंत. ते दोन दिवस नसते तर आपण एकमेकींच्या कोणीच झालो नसतो.

लग्नातली भेट मी भेट धरत नाही. लग्नात मी वरमाय होते. मी खुर्चीवर बसलेली, तुम्ही हात जोडून उभ्या, आणि दोघींच्या तोंडात मानपानाची भाषा. पुढं कितीतरी दिवस मला तुमचा चेहराही नीट आठवत नव्हता. आठवायचा तो फक्त तुमचा हिरवा शालू. आपण खऱ्या भेटलो ते अक्षता माहेरी निघून आल्यावर.

माझा विशाल आणि तुमची अक्षता, पुण्यात संसार मांडलेली दोघं. एके दिवशी ती बॅग भरून नांदेडला आली आणि परत गेलीच नाही. विशालला विचारावं तर तो म्हणायचा, "काही झालं नाही, आई." आमच्या घरात मग बैठक बसली. आमचे हे म्हणाले, "तू जा. बाईनं बाईशी बोललेलं बरं. पोरीला समजव आणि येताना घेऊनच ये." म्हणून मी निघाले. लातूर ते नांदेड मी गाडीत वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य गोड, दुसरं जरा कडक, तिसरं डोळ्यांत पाणी आणणारं. चांगली तयारी होती माझी.

तुम्ही स्टँडवर आलात, माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि ऑटोवाल्याला घरचा पत्ता न सांगता गुरुद्वाऱ्याजवळच्या यात्री निवासाचा सांगितलात. मला वाटलं, बाई मला घरात घ्यायला तयार नाही.

"घरी न्हाई जायचं?" मी विचारलं.

"घरी लेक हाय," तुम्ही म्हणालात. "ती समोर असली की तुम्ही तिला समजवणार, मी तिची बाजू घेणार, ती रडणार, आणि तुम्ही उद्याच्या पहिल्या बसनं जाणार. त्यापरीस दोन दिवस आपण दोघीच राहू. बोलायचं ते बोलूच की. आधी गाव बघा."

"मी नांदेड बघितलंय."

"काय बघितलंय? दवाखाना, गुरुद्वारा अन् स्टँड."

खरं होतं ते. यात्री निवासाच्या काउंटरवर बसलेल्या माणसानं तुमचं नाव लिहून घेतलं आणि गाव विचारलं. तुम्ही म्हणालात, "नांदेड, इतवारा." त्यानं मान वर करून बघितलं. "मग खोली कशाला, ताई?" तुम्ही सरळ चेहऱ्यानं म्हणालात, "सहलीला आले." मला हसू आलं होतं, पण मी भांडायला आलेली बाई, हसणार कशी? पदर तोंडाला लावून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

दुपारी आपण लंगरमध्ये जेवलो. लांबच लांब पंगत, जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या, पंजाबातून आलेली कुटुंबं, हदगाव-भोकरकडची शेतकरी मंडळी, सगळे एका ओळीत. पोळी वाढणारा आला आणि मी ताट पुढं केलं. तुम्ही हळूच म्हणालात, "ताट न्हाई, दोन्ही हात पुढं करा. इथं पोळी हातात घेतात." मी हात पसरले. शेजारी तुमचेही हात तसेच पसरलेले. लग्नात मला खुर्चीवर बसवून आग्रहानं वाढणारी बाई आता माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि वाढणाऱ्याला वरमाय कोणती, पोरीची आई कोणती, काही कळत नव्हतं. जेवायला आधी तिथंच नेण्यात तुमचा काही हेतू होता का? मला नेहमी वाटायचं, विचारावं. विचारायचं राहून गेलं.

जेवून आपण इतवाऱ्यात शिरलो. तुम्ही पुढं, मी मागं. गल्ली अशी अरुंद की समोरून मोटारसायकल आली तर भिंतीला टेकून उभं राहावं लागे. खाली दगडी चौकट आणि तिच्यावर चकचकीत फरशी लावलेला नवा मजला, त्याच्या पलीकडं कोरीव लाकडाचा सज्जा, सज्ज्यावर वाळत घातलेले पोरांचे शाळेचे कपडे, डोक्यावर वायरींचं जाळं. अत्तराचा वास, मसाल्याचा वास, मध्येच गटारीचा. दर दहा पावलांवर कोणीतरी तुम्हाला हाक मारत होतं. तुम्ही प्रत्येकाला माझी ओळख करून देत होता: "आमच्या विहीणबाई. लातूरच्या." ज्या पोरीचा संसार मोडायला आलाय तिच्या सासूची ओळख तुम्ही अशी करून देत होता, जणू तुमच्या घरी काही मोठं कार्य आहे.

तुमच्या किराणा दुकानाला कुलूप होतं. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून फातिमाआपांनी ओरडून विचारलं, "क्यूं महानंदा, दुकान बंद रखके किधर?"

"घूमने जा रही हूं, आपा."

"अपनेच गांव में?"

"हौ."

आपांनी मला स्टुलावर बसवलं, हात धरला आणि विचारलं नाही, सांगितलं नाही, बांगड्या चढवायला लागल्या. बांगड्या भरता भरता त्यांनी मला तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही तेवढ्यात चहा सांगायला गेला होता, म्हणून तुम्हाला हे कधी कळलं नसेल. त्या म्हणाल्या, "इसके मियां गये तो सारी गल्ली बोली, दुकान बेच दे. भाई लोगां बोले, हमारे साथ चल. ये किसी की नहीं सुनी. चौथे महीने गल्ले पे जा के बैठी. पहले दिन हाथ कांप रहे थे, मैं देखी. दूसरे दिन नहीं कांपे." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "लड़की उसी की है. याद रखो."

गाडीत जुळवलेल्या वाक्यांतलं दुसरं वाक्य, ते कडक, तिथंच गळून पडलं.

पुढं चालताना तुम्ही मला एका घराजवळ थांबवलंत. आता तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. तुम्ही म्हणालात, "हे आपाच्या आजीचं घर. रझाकाराच्या दिवसांत माझी आजी हितं लपून राहिली. पोलीस ॲक्शन झाल्यावर आपाची आजी आमच्या घरात राहिली. दोघींनी कधी कुणाला सांगितलं न्हाई. आम्हाला बी त्या म्हाताऱ्या झाल्यावर कळलं." एवढं बोलून तुम्ही पुढं चालायला लागलात. दुसऱ्या कोणी त्यावर तासभर भाषण केलं असतं.

संध्याकाळी नंदगिरीच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला म्हणजे नदीच्या काठावर उभी राहिलेली जाड भिंत आणि बुरूज. तुम्हाला गुडघ्याचा त्रास, तरी चढलात. वरून गोदावरी वळण घेताना दिसत होती. पलीकडच्या काठावर बत्त्या लागायला लागल्या होत्या. तुम्ही माझ्याकडं बघत होता, मी काय म्हणते म्हणून.

मला कौतुक करायचं नव्हतं. मी म्हणाले, "आमचं गाव आखून बांधलंय. मधोमध गोलाई, तिच्यातून चहूकडं निघालेले रस्ते, प्रत्येक रस्त्याचा बाजार वेगळा. तुमच्या गावासारखं सांडलेलं न्हाई."

"गाव काय रांगोळी हाय का आखायला?" तुम्ही म्हणालात. "गाव पाण्याच्या मागं जातं. तुमच्याकडं पाणी न्हाई म्हणून तुम्ही पट्टी घेऊन बसलात."

"पाणी न्हाई तरी गाव उभं केलं, ते बघा की. दुष्काळात रेल्वेनं पाणी आणावं लागलं तरी आमची दुकानं एक दिवस बंद न्हाई पडली."

तुम्ही यावर विचार केलात. खरंच विचार केलात, कपाळाला आठी घालून. मग म्हणालात, "हे मात्र कबूल." विहीणबाई, वादात मुद्दा कबूल करणारं माणूस माझ्या ओळखीत फार नाही. आमच्या घरात तर एकही नाही. त्या क्षणापासून मला तुमच्याशी भांडायला आवडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट. नदीवर पोचताच मला वास आला आणि माझा पदर नाकाकडं गेला. जलपर्णीचे हिरवे पुंजके तरंगत होते, पायऱ्यांच्या कडेला निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. तुम्ही म्हणालात, "नाक झाका, मला राग न्हाई येत. ही आमचीच घाण हाय. नदीनं न्हाई आणली." मग जरा वर, पाणी मोकळं होतं तिथं आपण गेलो. तुम्ही पायरीवर बसून पाय पाण्यात सोडलेत. लहानपणी याच पायरीवरून तुम्ही उडी मारायच्या, बामणाच्या, मराठ्याच्या, मोमिनाच्या पोरींबरोबर, आणि पलीकडं जाऊन परत यायच्या. पोरी पोहतात म्हणून लोक नावं ठेवायचे, तेव्हा तुमचे वडील घाटावर येऊन पेपर वाचत बसायचे, कोणी काही बोलू नये म्हणून. हे सांगताना तुमची मान अशी वर गेली होती की मीही पाय पाण्यात सोडले.

आणि तिथंच मी बोलले. उरलेलं बळ गोळा करून म्हणाले, "विहीणबाई, पोरीला समजवा. विशालला व्यसन न्हाई, वाईट नाद न्हाई. हात न्हाई उगारत. आणखी काय पाहिजे?"

तुम्ही म्हणालात, "मी बी हेच म्हणाले तिला. पहिल्या दिवशी अगदी हेच. तुमचा लेक वाईट हाय असं ती बी म्हणत न्हाई."

"मग?"

"मग ती मला म्हणाली, आई, बाबा गेल्यावर आपलं घर किती शांत झालं होतं, आठवतं का? माझं पुण्यातलं घर तसं हाय. अन् माझा नवरा जिवंत हाय."

पाणी पायांवरून जात होतं. विशाल माझा लेक आहे. दिवाळीला घरी आला तरी तो जेवताना मोबाइल बघतो, विचारलेल्याला हं म्हणतो आणि खोलीत जातो. तो मनानं निर्मळ आहे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण ती शांतता मी ओळखली. तुम्ही तिला नाव दिलं नव्हतंत, दोष दिला नव्हतात, फक्त पोरीचं वाक्य जसंच्या तसं माझ्या ओटीत घातलं होतंत.

मग मी म्हणाले, "वर्षभर अजून बघितलं असतं तर?"

"तेवढ्यावर आपलं जमत न्हाई, विहीणबाई. तुम्ही म्हणाल वर्ष, मी म्हणीन ते वर्ष तिचं हाय, माझं न्हाई द्यायला."

यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. मला आजही वाटतं, आणखी थोडा वेळ दिला असता तर कदाचित. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की हे 'कदाचित' दुसऱ्याच्या आयुष्यावर बोलायला फार सोपं असतं. हा वाद तुम्ही अर्धवट सोडून गेलात. मी जिंकले असं मी समजणार नाही.

घाटावरून उठायच्या आत आमच्या ह्यांचा फोन आला. "काय ठरलं? कधी निघताय दोघी?" तुम्ही उठून चार पायऱ्या वर गेलात, मला मोकळं बोलता यावं म्हणून. मी म्हणाले, "ती येत न्हाई. आणि मी आणणारबी न्हाई." ते म्हणाले, "तुला काय झालं तिथं?" मी म्हणाले, "गाव बघितलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या शब्दाबाहेर गेल्याची ती माझी पहिलीच वेळ. तुम्ही वरच्या पायरीवरून ऐकलंत, मला ठाऊक आहे. पण परत येऊन तुम्ही विचारलंत एवढंच, "इडली खायची का?"

त्या दुपारी तुम्ही मला घरी नेलंत. अक्षतानं दार उघडलं, मला बघून ती दारातच थांबली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिघी जेवलो, आणि जेवताना आपण सारखं बोलत होतो, हे मला आठवतं.

पुढं लातूरला फारकतीची बैठक झाली, तेव्हा लोकांना वाटलं होतं तुम्ही भावांना पुढं घालून याल. तुम्ही लेकीला घेऊन एकट्या आलात. माझे दीर म्हणाले, "चूक कुणाची ते एकदा ठरू द्या." तुम्ही म्हणालात, "चूक ठरवून तुम्हाला काय करायचंय? दोन चांगली लेकरं हायती. एकत्र न्हाई राहू शकली. माझी पोरगी हरून न्हाई आली घरी, अन् तुमचा पोरगा जिंकून न्हाई चालला. चांगल्या तोंडानं मोकळं करू त्यांना." दिरांनी चष्मा काढून पुसला. विशाल खाली मान घालून बसला होता, त्यानं मान वर केली आणि अक्षताकडं बघून म्हणाला, "सॉरी." संसारात म्हणाला असता तर. पण म्हणाला, आणि तो म्हणू शकला ते तुमच्यामुळं. त्याच्यावर कोणी बोट रोखलेलं नव्हतं. हे तुमचे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत. आज लिहिते.

बैठक संपली आणि सगळ्यांच्या देखत तुम्ही मला म्हणालात, "चला, आता तुमची पाळी. लातूर दाखवा." आमच्या घरातल्या बायका बघतच राहिल्या. मी तुम्हाला गोलाईत नेलं. तुम्ही मधल्या देवळाला प्रदक्षिणा घातलीत, भांड्यांच्या रस्त्यानं गेलात, कापडाच्या रस्त्यानं आलात, आणि परत गोलाईत येऊन तुम्हाला कळेना आपण कुठून शिरलो होतो. आमचं दुकान गोलाईतच, त्याच्यासमोर उभं राहून तुम्ही तेच शोधत होता. मी मुद्दाम सांगितलं नाही. शेवटी पाटी वाचलीत आणि म्हणालात, "गाव चांगलं हाय. पण पाणी कुठंय?"

त्यानंतर तुम्ही लातूरला यायच्या, मी नांदेडला. लोक विचारायचे, आता कशाला? आपण दोघी उत्तर देत नव्हतो. मध्ये मी अक्षतासाठी एक स्थळ आणलं होतं, उदगीरचा मुलगा, बोलका. तुम्ही पोट धरून हसलात. "पहिली सासू दुसरं स्थळ घेऊन आली, हे नांदेडात कुणी ऐकलं न्हाई आजवर." मग म्हणालात, "मला न्हाई, तिला विचारा." मी तिला विचारलं, तिनं नाही म्हटलं, आणि का नाही ते तासभर मला समजावून सांगितलं. तुमचीच लेक. आपा म्हणाल्या होत्याच.

तुम्हाला शेवटचं बघितलं ते आपल्या लिंगायतांत बसवतात तसं बसवलेलं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पाठ ताठ. गल्ल्यावर बसायच्या तशाच दिसत होता. गल्ली माणसांनी भरली होती. फातिमाआपांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि पायरीवर बसून राहिल्या. इतवाऱ्यातली किती दुकानं बंद होती, मी बघत होते आणि माझी छाती भरून येत होती. मला वाटत होतं कोणाला तरी सांगावं, या बाईनं मला हे गाव स्वतः हात धरून दाखवलंय.

तिसऱ्या दिवशी घरी बायका बसल्या होत्या. तुमची धर्माबादची मोठी चुलतबहीण माझ्याकडं बघत होती. तिनं शेजारणीला विचारलं, "ह्या कोण?" अक्षता स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, ती थांबली.

मी म्हणाले, "मी विहीण. लातूरची."

म्हातारीनं जरा आठवून बघितलं. "पण ते तर मोडलं ना?"

"लेकरांचं मोडलं," मी म्हणाले. "आमचं न्हाई."

म्हातारी सतरंजीवर थोडी सरकली, शेजारची जागा हातानं साफ केली आणि म्हणाली, "मग तिकडं का बसलात? घरच्यांनी हिकडं बसायचं."

मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले.